नको नको म्हणता 24 गोळ्या

शनिवार, सकाळी 9. आपत्तीला 36 तास.

बाजी दवाखान्यातल्या वजनकाट्यावर पुढचे दोन पाय ठेवतो, मागचे दोन फरशीवरच राहू देतो आणि येईल तो आकडा खरा मानून घ्या, अशा चेहऱ्यानं डॉक्टरांकडे बघतो. कंपाउंडर त्याला मागून ढकलतो. 34 किलो. "पाच किलो उतरवा, निम्मं दुखणं त्यानंच जाईल," डॉक्टर म्हणतात. काका मान डोलावतात. मावशी काकांकडे बघते. जेवताना टेबलाखालून पोळी कोण सरकवतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

शनिवार-रविवार मी नाशिकला मावशीकडे होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडलं.

बाजी लॅब्राडोर, वय 9. सकाळी उठताना मागचे पाय फरशीवर घसरतात, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून तो उगाच इकडेतिकडे बघतो. एक्स-रेत कारण स्वच्छ दिसत होतं. खुब्याची वाटी उथळ, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, वर्षानुवर्षं घासून सांधा झिजलेला. हिप डिस्प्लेशिया. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांना हा शब्द आज ना उद्या शिकावा लागतो. रक्ततपासणीत यकृत आणि मूत्रपिंडं ठणठणीत निघाली, क्रिएटिनिन 1.1. तेव्हा औषध ठरलं: कार्प्रोफेन, 75 मिलीग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ, पोटात अन्न असताना. म्हणजे दिवसाला किलोमागे 4.4 मिलीग्रॅम. एके काळी हे औषध माणसांनाही देत. 1990 च्या दशकात ते कुत्र्यांच्या सांधेदुखीत स्थिरावलं आणि आता त्यांचंच होऊन बसलं आहे.

"गोळी घेतो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो काहीही खातो," काका म्हणाले. हे अर्धसत्य होतं. बाजीनं आजवर मोजे, साबण आणि रविवार पुरवणी खाल्ली होती. गोळी कधीच नाही.

सकाळी 11. 34 तास.

पहिला प्रयोग मावशीचा. तुपानं माखलेल्या पोळीचा घास, आत गोळी. बाजीनं घास घेतला, तोंडात घोळवला, गिळला. टाळ्या. मग त्यानं खालचा ओठ किंचित सैल सोडला आणि गोळी फरशीवर टपकली. उचलून बघितली तर चकचकीत कोरडी, तुपाचा अंशही उरलेला नव्हता. आमच्या तोंडात भाताच्या घासात खडा आला तर आम्हाला तो काढायला बोटं लागतात. यानं नुसत्या जिभेनं तूप ठेवलं, पोळी ठेवली आणि औषध परत केलं.

यात नवल नाही. कुत्र्याच्या जिभेवर रुचिकलिका आपल्यापेक्षा खूप कमी, 1700 च्या आसपास. आपल्या 9000 च्या घरात. पण वास टिपणाऱ्या पेशी त्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. तुपाच्या वासात गोळीचा वास बुडेल ही आपली समजूत. त्याला दोन्ही वेगवेगळे येतात.

दुपारी 2. 31 तास.

दुसरा प्रयोग आजींचा. आजी म्हणजे काकांच्या आई, वय 84. गोळी खलबत्त्यात कुटून दहीभातात. कुटल्यानं कडवटपणा एका जागी राहायचा तो सगळ्या वाडग्यात पसरला. बाजीनं हुंगलं, दोन पावलं मागे सरकला आणि तोंडातून लाळेच्या तारा सोडत बसला. दहीभात त्याचा जीव की प्राण. त्या दुपारपासून त्यानं दहीभाताकडे पाठ फिरवली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. गोळी कुटण्याआधी डॉक्टरांना विचारावं. काही गोळ्यांवरचं आवरण त्या पोटात विरघळू नयेत, पुढे आतड्यात विरघळाव्यात म्हणून असतं. कुटली की तो बेत फसतो. आणि जनावर अर्धा वाडगा खाऊन उठलं तर औषध किती गेलं, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

संध्याकाळी 7. 26 तास.

पेढा. पनीर. उकडलेलं अंडं. चीजची चौकोनी वडी. काकांनी फ्रिज रिकामा केला. बाजीनं पेढा खाल्ला, पनीर खाल्लं, अंडं खाल्लं, आणि प्रत्येकातली गोळी सोफ्यासमोरच्या सतरंजीवर आणून ठेवली. चीजपर्यंत तो शहाणा झाला. आता तो पदार्थाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. दोन हातांनी काही तरी दाबून आणलं की उठून बाल्कनीत.

मावसबहीण, म्हणजे आमची ताई, साडेसातला ऑफिसमधून आली. तिनं जिमवाल्या मित्रानं दिलेली पीनट बटरची बाटली काढली. झाकण उघडण्याआधी ती मागचं लेबल वाचत बसली. काका म्हणाले, "परीक्षा आहे का त्याच्यावर?" ताईनं बाटली परत कपाटात ठेवली. साखरविरहित होतं, आणि गोडव्यासाठी झायलिटॉल. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या पोटात गेलं की स्वादुपिंड भसकन इन्सुलिन सोडतं, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, झटके येऊ शकतात, आणि जास्त गेलं तर यकृत निकामी होतं. लेबलावर कधी कधी ते 'बर्च शुगर' म्हणूनही छापतात. त्या घरात त्या दिवशी एकाच माणसानं लेबल वाचलं.

रात्री 9. 24 तास.

आता सरळ लढाई. ताईनं मोबाइलवर व्हिडिओ लावला, काकांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पद्धत तशी अवघड नाही. कुत्र्याला कोपऱ्यात बसवायचं म्हणजे मागे सरकता येत नाही. डावा हात वरच्या जबड्यावर, अंगठा आणि बोटं सुळ्यांच्या मागे. नाक छताकडे. उजव्या हाताच्या मधल्या बोटानं खालचा जबडा उघडायचा आणि गोळी जिभेच्या मधल्या फुगवट्याच्या पलीकडे सोडायची. अलीकडे पडली तर जीभ ती बाहेर ढकलते. मग तोंड मिटायचं, गळा वरून खाली चोळायचा, नाकावर हळूच फुंकर. जीभ बाहेर येऊन नाक चाटलं की गोळी उतरली. त्यावर थोडं पाणी किंवा एखादा ओला घास द्यायचाच, नाही तर गोळी अन्ननलिकेत अडकून चट्टा पाडू शकते.

काकांनी हे सगळं केलं. मावशीनं मागून कवेत धरलं होतं, आजी लांबून "हळू रे, दात लागतील" करत होत्या आणि दात काकांनाच लागत होते. शेवटी जीभ बाहेर आली, नाक चाटलं गेलं. घरात जल्लोष झाला. काकांनी मला टाळी दिली.

वीसेक मिनिटांनी मावशी तुळशीला दिवा लावायला बाल्कनीत गेली. कुंडीच्या कडेला गोळी ठेवलेली होती. "पडलेली" म्हणत नाही, कारण ती मातीवर नव्हती, विटेवर होती.

रात्री 11. 22 तास.

आजींनी आपल्या औषधांच्या डब्यातून पॅरासिटामॉल काढून दाखवलं. "माझे गुडघे यानं राहतात, त्याचेही राहतील." डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं: माणसाची वेदनाशामकं नाहीत. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड जातं, पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. डबा परत गेला. सगळे दमून झोपले. बाजी तेवढा ताजातवाना होता.

रविवार, सकाळी 8. 13 तास.

काकांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आधी तीन घासांची युक्ती सांगितली: भुकेल्या पोटी सारखे दिसणारे घास रांगेनं तयार ठेवा, पहिला रिकामा, दुसरा गोळीचा, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जातो. हे शनिवारी सकाळी कळलं असतं तर हा लेखच झाला नसता, कारण ही युक्ती खरोखर चालते. पण आता बाजी कुठल्याच घासावर विश्वास ठेवायला तयार नव्हता.

"मग चघळायची गोळी न्या," डॉक्टर म्हणाले. "तेच औषध, तेवढाच डोस. वास कलेजीचा असतो. मागून खाईल."

सकाळी 9. 12 तास.

प्लॅस्टिकची डबी, 30 गोळ्या, दाबून फिरवायचं झाकण. काकांनी ते फिरवलं आणि बाल्कनीत झोपलेला बाजी ओट्यापाशी येऊन उभा राहिला. काकांनी तळहातावर गोळी ठेवली. गेली. चावल्याचा आवाज, मग तळहात चाटून पुसून स्वच्छ. बाजी बसला, शेपटी फरशीवर आपटली आणि उजवा पंजा वर केला. शिकवून शिकवून थकले तरी हा पंजा त्यानं नऊ वर्षांत कुणाला दिला नव्हता.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजी म्हणाल्या, "मेल्याला नुसतं औषध नको होतं, पाहुणचार हवा होता."

घटनाक्रमात हीच वेळ लाल शाईनं अधोरेखित करायला हवी. आदल्या दिवशी, गोळी थुंकणारा कुत्रा हातात होता तेव्हा, घर सुरक्षित होतं. त्या पाकीटभर गोळ्या त्याच्या नाकासमोर ठेवून काशीला गेलं असतं तरी चाललं असतं. आता औषध खाऊ झालं होतं, आणि खाऊचा बंदोबस्त कसा करायचा याचा विचार त्या घरानं मोज्यांच्या बाबतीतही कधी केला नव्हता. अशा स्वादाच्या गोळ्यांच्या वेष्टनावर "जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवा" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. वेष्टन फाडून कचऱ्यात गेलं. डबी ओट्यावर, मिक्सरशेजारी राहिली.

दुपारी 3. 6 तास.

मटण, भाकरी, झोप. सगळं घर आडवं. बाजी एकटा जागा, ओट्याकडे तोंड करून बसलेला. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा त्याची नजर मिक्सरवर होती. मला वाटलं, मटणाच्या पातेल्याचा वास.

रात्री 8. 1 तास.

जेवण, आणि जेवणावर दुसरी गोळी. डबीत उरल्या 28.

रात्री 8.20. 40 मिनिटं.

खालच्या मजल्यावर नवं कुटुंब राहायला आलं होतं, त्यांच्याकडे वास्तुशांत. "तीर्थप्रसाद घेऊन येऊ, दहा मिनिटांचं काम." ही दहा मिनिटं कशी जातात ते सगळ्यांना माहीत आहे. आधी फ्लॅट दाखवतात, मग मॉड्युलर किचनचे सगळे ड्रॉवर उघडून दाखवतात, मग कुणीतरी कुणाच्यातरी ओळखीचं निघतं. आजीही लिफ्टनं खाली आल्या. घरात बाजी एकटा.

रात्री 9.

दार उघडलं तेव्हा बाजी दाराशी आला नाही.

स्वयंपाकघरात ओट्याखाली झाकणाचे तुकडे. दाबून फिरवायचं झाकण मुलांच्या बोटांना दाद देत नाही म्हणून केलेलं असतं. अमेरिकेत त्यासाठी 1970 साली कायदाही झाला. कायदा जबड्याचा विचार करून केलेला नव्हता. डबीचा तळ उरला होता, त्यावर सुळ्यांची भोकं. फ्रिजखाली चार गोळ्या. मिक्सर जागच्या जागी, ओट्यावर पंज्यांचे ओले ठसे. ज्या कुत्र्याला दुखऱ्या खुब्यांमुळे जिना चढवत नव्हता, तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला होता. औषध लागू पडत होतं म्हणायचं.

28 वजा 4. चोवीस गोळ्या. 1800 मिलीग्रॅम. भागिले 34. किलोमागे जवळजवळ 53.

किलोमागे 20 च्या पुढे गेलं की कार्प्रोफेन पोटाचं अस्तर खाऊ लागतं. 40 च्या पुढे मूत्रपिंडाला धोका. वेदना ज्या प्रोस्टाग्लँडिनांमुळे जाणवते, तीच रसायनं जठराच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडातला रक्तप्रवाह चालू ठेवतात. औषध त्यांना दाबतं. थोडं दाबलं तर खुबा शांत होतो, फार दाबलं तर राखणदारच उरत नाही. बाजीनं बारा दिवसांचा डोस अर्ध्या तासात संपवला होता, आणि वर तो आनंदात होता. शेपटी हलत होती. विषबाधेच्या पहिल्या तासाची हीच फसवणूक असते. लक्षणं उशिरा येतात, आणि ती येईपर्यंत उलटी करवून औषध बाहेर काढायची वेळ निघून गेलेली असते.

आजींनी मिठाचं पाणी करायला घेतलं, उलटी होऊ दे म्हणून. ताईनं वाटी हातातून काढून घेतली. मिठानं उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम चढून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. त्यानं कुत्री दगावली आहेत. काका डॉक्टरांचा रात्रीचा नंबर शोधत होते. तो कालच्या चिठ्ठीवर होता. चिठ्ठी गाडीत. गाडीची किल्ली खाली, वास्तुशांतीच्या घरात प्रसादाच्या द्रोणाशेजारी राहिलेली.

त्यानंतर.

फोन लागल्यावर डॉक्टरांनी चारच गोष्टी विचारल्या: कुठलं औषध, किती मिलीग्रॅमची गोळी, किती गेल्या, किती वेळ झाला. आणि वजन. ते आदल्याच दिवशी झालं होतं म्हणून तोंडपाठ होतं. "डबीचा तुकडा घेऊन या. घरी काही पाजू नका."

पावणेदहाला दवाखाना. उलटीचं इंजेक्शन. दहा मिनिटांत फरशीवर तपकिरी लगदा, त्यात निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे, भाकरी, आणि खोलीभर कलेजीचा वास. बरंच औषध बाहेर आलं, सगळं नाही. मग सक्रिय कोळसा: वाटीभर काळीकुट्ट लापशी, तोंडातून. ती कुत्र्यानं गिळायची असते. इथे शनिवारचा दिवस पुन्हा सुरू झाला. बाजीनं पहिली पिचकारी भिंतीवर मारली, दुसरी कंपाउंडरच्या पांढऱ्या ॲप्रनवर. कोळसा एकदा देऊन भागत नाही. कार्प्रोफेन पित्तातून पुन्हा आतड्यात येतं, म्हणून दर काही तासांनी कोळसाही पुन्हा. दोन दिवस सलाईन, मूत्रपिंडातून पाणी वाहतं राहावं म्हणून. पोटाच्या राखणीला ओमेप्राझोल, आणि सुक्राल्फेट रिकाम्या पोटी, पाण्यात विरघळवून, सिरिंजनं दातांच्या बाहेरून गालाच्या खोबणीत. ही औषधं कडू होती आणि कुठल्याही स्वादात मिळत नव्हती.

क्रिएटिनिन रविवारी रात्री 1.1. सोमवारी 1.3. मंगळवारी 1.7, आणि त्या दिवशी मावशीनं मला मुंबईत फोन केला पण काही बोलली नाही. बुधवारी 1.2.

गोळी आता लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या खणात असते. डोस कमी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती पुन्हा सुरू झाली. वजनही दोन किलो उतरलं. कपाटाची किल्ली वाजली की बाजी कुठूनही येऊन पंजा वर करतो.

तुमच्या घरात कुत्रा असेल तर एवढं कराच: त्याचं वजन आणि रात्री उघड्या असणाऱ्या पशुवैद्याचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा. आणि चघळायच्या गोळ्यांची डबी ओट्यावर असेल, तर हे पान बाजूला ठेवून आधी ती उचला.